थोडे दिवस थांबू या

इंदुमती चौगुलेला पाचवं वर्ष लागलं होतं. वयाचं नव्हे, गरोदरपणाचं.

सोमवारच्या ओपीडीत ती नेहमीसारखी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. पोट सहाव्या महिन्याचं वाटावं एवढं. गेल्या दिवाळीला तेवढंच होतं आणि त्याच्या आदल्या दिवाळीलाही तेवढंच. तिच्या मांडीला रेलून मुक्ता उभी होती, हातात श्वासाचा पंप, गळ्यात शाळेचं ओळखपत्र. मुक्ता बालवाडीत जात होती आणि आईच्या पोटातल्या बाळाची ती जुळी बहीण होती. हे वाक्य लोकांना समजावून सांगायचा डॉ. गार्गी मगदूम यांना आताशा मनस्वी कंटाळा आला होता. शिकाऊ डॉक्टर दर सहा महिन्यांनी बदलत, आणि दर नवीन डॉक्टर इंदुमतीची माहिती वाचून धावत यायचा, "मॅडम, इथे तारखेत काहीतरी चूक झालीय."

"तारखेत चूक नाही बाबा," गार्गीबाई म्हणायच्या. "चूक दुसरीकडे आहे. तू आपला रक्तदाब घे."

मिरजेच्या या रुग्णालयात गेली वीस वर्षं त्या एकच काम करत होत्या, अडलेली जुळी सोडवण्याचं. जुळ्यांमध्ये एक जात अशी असते की दोन बाळांना मिळून वार एकच असते. वार म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली ती मांसल चकती, आईच्या रक्तातलं पोषण नाळेतून बाळाला पोचवणारी. एकाच नळावर दोन घरं असली की जे होतं तेच इथे होतं. वारेतल्या जोडरक्तवाहिन्यांतून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वाहत राहतं. देणारं सुकतं, घेणाऱ्याच्या हृदयावर ताण येतो, आणि वेळीच काही केलं नाही तर दोघंही जातात. त्या जोडवाहिन्या लेझरने जाळून बंद करायची शस्त्रक्रिया जुनीच होती. पण एखाद्या बाळाच्या वाट्याला मुळात वारेचा एवढासा कोपराच आला असेल, तर लेझर तरी काय करणार? वाहिन्या बंद केल्या तरी ते बाळ उपाशीच राहायचं.

त्या उपाशी बाळासाठी गर्भनिद्रेचा शोध लागला. थंडीत महिनोन्‌महिने न खातापिता निजणारे प्राणी असतात. त्यांच्या शरीरात एक द्रव्य तयार होतं आणि पेशीपेशीला सांगतं, सावकाश चला. तसं द्रव्य प्रयोगशाळेत बनवलं, त्याला नाव पडलं निद्रक. सुईने नाळेत निद्रक सोडलं की त्या बाळाची वाढ थांबते, हृदय मिनिटाला दोन-चारदा हलतं, भूक जवळजवळ नाहीशी होते. एवढ्याशा कोपऱ्यावर ते खुशाल तग धरतं. दरम्यान दुसरं बाळ वाढतं आणि जन्मतं. त्याची नाळ बांधून वार आतच ठेवायची, टाके घालायचे, आणि आईची जखम भरली की निजलेल्याला जागं करायचं. या जागं करण्याला डॉक्टरांनी हौसेने जागर असं नाव दिलं होतं. मग सगळी वार त्या एकट्याची. तीन महिन्यांत बाळ गुटगुटीत होऊन बाहेर येतं.

योजना अशी दोन-तीन महिन्यांची होती. कायद्यात कमाल मुदत घातलेली नव्हती, कारण कुणी मुद्दाम उशीर करील हे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना काळजी होती सक्तीची. सासरच्यांनी किंवा डॉक्टरांनी बाईवर दडपण आणू नये म्हणून त्यांनी नियम केला की जागर फक्त आईच्या होकारानेच होईल, आणि तिने परवानगी दिल्याशिवाय डॉक्टर तिच्या घरच्यांशी या विषयावर अवाक्षर बोलणार नाहीत. नियम चांगला होता. त्या चांगल्या नियमाने गार्गीबाईंचं डोकं पार उठवलं होतं.

कारण लोक थांबायला लागले. कुणाच्या नवऱ्याची बदली व्हायची होती, कुणाला बढती मिळेपर्यंत दुसरं बाळ नको होतं. समोरच्या बाकावरच्या कुपवाडच्या बाईला घराचं बांधकाम संपायला हवं होतं, आणि त्यांच्या गवंड्याची ख्याती गार्गीबाई ऐकून होत्या. तरीही वर्ष-दीड वर्षात ही सगळी मंडळी वाटेला लागायची. इंदुमतीचा मात्र विक्रम होता.

"ये," गार्गीबाई म्हणाल्या. "आज काय निघालं? कुठला ग्रह आडवा आला?"

इंदुमती खाली बघत म्हणाली, "सासूबाई म्हणतात, थोडे दिवस थांबू या."

गार्गीबाईंनी पेन टेबलावर आपटलं. थोडे दिवस! पहिल्या वर्षी सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं. मग अधिक महिना. मग मुक्ता मूळ नक्षत्रावर जन्मली, निदान दुसरीची तरी पत्रिका नीट जुळवून घ्यावी अशी सासूबाईंची इच्छा. जन्मवेळ आपल्या हातात आहे तर चांगली का निवडू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. गुरुजींनी तीन मुहूर्त काढले आणि तिन्हींत खोट निघाली. मग गुरू सिंह राशीत गेला तो वर्षभर तिथेच बसला. गार्गीबाईंनी जन्मात पंचांग उघडलं नव्हतं, पण या चौगुल्यांच्या कृपेने त्यांना आता गुरूचा मुक्काम तोंडपाठ झाला होता.

त्यांच्या मनात त्या सासूबाईंचं चित्र पक्कं होतं. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, उजव्या हातात पंचांग आणि डाव्या हातात सुनेची मान. नवरा, पृथ्वीराज, तासगावात बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज चालवायचा आणि बायकोला फाटकाशी सोडून गाडी वळवायचा. मायलेकांचं साटंलोटं दिसतंय, गार्गीबाई म्हणायच्या, मुक्ता मुलगी म्हणजे एका वारेवरची दुसरीही मुलगीच, हे कळल्यापासून पोरीला शीतगृहात टाकून बसलेत.

"तू सांग ना त्यांना," त्या दर महिन्याला म्हणायच्या, "की बाळ म्हणजे बेदाणा नाही, भाव येईपर्यंत ठेवायला!"

इंदुमती मान हलवायची. मग गार्गीबाई चरफडत कपाट उघडायच्या आणि निद्रकाचं इंजेक्शन द्यायच्या. द्यावंच लागायचं. एक मात्रा चुकली तर बाळ आपोआप, वेडंवाकडं जागं झालं असतं, आणि तसं जागं होणं म्हणजे हमखास मरण. ज्या गोष्टीवर त्या महिनाभर संतापायच्या तीच गोष्ट महिन्याच्या शेवटी स्वतःच्या हाताने करायच्या. याचा राग त्यांना सगळ्यात जास्त यायचा.

आज मात्र सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांना वेगळं काही दिसलं. त्यांनी चित्र मोठं केलं. वारेत पांढरे ठिपके उमटले होते, भिंतीला लोणा लागावा तसे.

"इंदुमती, ही वार थकली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाळ झोपलंय, वार पुरती झोपत नाही. ती रोज थोडी म्हातारी होते. आता जागर केला तर तीन महिने कशीबशी निघतील. आणखी सहा महिने घालवलेस तर उठवायला काही उरणार नाही."

इंदुमतीने नजर पडद्यावरून काढून घेतली. "आज इंजेक्शन द्या," ती म्हणाली. "मी घरी विचारते."

आणि गार्गीबाईंचा पाच वर्षांचा बांध फुटला.

"विचारते? काय विचारतेस? कुणाला? पोर कुणाची? बाई, तुला तोंड आहे की नाही? त्या सासूला इथे घेऊन ये. मला परवानगी दे, मी बोलते तिच्याशी. गुरू, शनी, राहू, केतू, ज्याला आणायचं त्याला आण, पण त्या बाईला माझ्यासमोर बसव. तोवर कपाट उघडत नाही!"

ही धमकी पोकळ होती. मात्रेची मुदत गुरुवारपर्यंत होती आणि गुरुवारी त्यांनी कपाट उघडलंच असतं. पण इंदुमतीला ते ठाऊक नव्हतं. ती बराच वेळ पंपाचं झाकण उघडझाप करत बसली आणि मग तिने परवानगी दिली.

बुधवारी सासूबाई आल्या. नऊवारी नाही, कुंकू नाही. कापलेले पांढरे केस, खादीचा कुर्ता, पायात बूट. सान्वीबाई चौगुले, राष्ट्रीयीकृत बँकेतून व्यवस्थापक म्हणून निवृत्त. त्यांच्या पिढीत दर वर्गात चार-चार सान्वी असायच्या. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

"काय ओ डॉक्टर," त्यांनी उभ्या उभ्याच सुरुवात केली, "तुमच्या मनात आहे तरी काय? पाच वर्षं झाली, थांबा थांबा! माझी नात पोटात म्हातारी करायची का? संशोधन करायला तुम्हाला दुसरं कुणी गावलं नाही?"

गार्गीबाई ताडकन उठल्या. "मी थांबा म्हटलं? मी? अहो, मुहूर्त तुम्ही काढताय, गुरू सिंहेत म्हणून तुम्ही..."

"गुरू? कुठला गुरू? अहो, माझ्या घरात पंचांग नाही! एक कॅलेंडर आहे, तेही कामवालीचे खाडे लिहायला!"

"वर्षश्राद्ध? अधिक महिना?"

"ह्यांनी देहदान केलंय! श्राद्ध कशाचं घालतीय मी?"

मग दोघींनी एकदमच वळून इंदुमतीकडे पाहिलं. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, मुक्ताला पोटाशी धरून.

आता सगळं लख्ख झालं. घरी सांगायचं, डॉक्टर थांबा म्हणतात. दवाखान्यात सांगायचं, सासूबाई थांबा म्हणतात. घरच्यांना वाटायचं, एवढी मोठी डॉक्टर सांगते म्हणजे कारण असणार. डॉक्टरला वाटायचं, सासू म्हटल्यावर असंच असणार. आणि गार्गीबाईंनी, वीस वर्षं बायकांच्या वतीने भांडणाऱ्या गार्गीबाईंनी, सासूचं नाव निघाल्यावर पाच वर्षांत एकदाही शंका घेतली नव्हती. त्यांना इतकी चीड आली की नेमकी कुणाची हेही ठरेना.

"माझ्या नावावर खपवलंस व्हय गं?" सान्वीबाई शेवटी खुर्चीत बसल्या. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "का पण? पृथ्वी काही बोलला? मुलगी म्हणून?"

"नाही," इंदुमती म्हणाली. "त्यांनी पाळणा कधीचाच आणून ठेवलाय."

"मग का?" गार्गीबाई ओरडल्या.

इंदुमतीने मुक्ताला बाहेरच्या काचेच्या टाकीतले मासे बघ म्हणून सांगितलं. दार लागेपर्यंत ती थांबली.

"तुम्हीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी. मी विचारलं, जागं करताना काय होतं. तुम्ही म्हणालात, शंभरातली चार-पाच दगावतात. मग मी विचारलं, आणि झोपेत? तुम्ही म्हणालात, झोपेत आजवर एकही गेलेलं नाही."

गार्गीबाईंना ते आठवत नव्हतं, पण असं त्यांनी सांगितलं असणारच. ते खरंच होतं.

"मुक्ताचं तुम्हाला माहितेय," इंदुमती बोलत राहिली. "सातव्या महिन्यातच काढली. फुप्फुसं कच्ची. तीनदा अतिदक्षता विभागात होती. रात्री मी तिच्या छातीवर हात ठेवून निजते. शाळेचा फोन आला की मी हातातलं टाकून धावते. शिंकली तरी मला धस्स होतं. तिचं मला एक क्षण सुख नाही. आणि हिचं..." तिने पोटावर हात ठेवला. "हिला ताप नाही, दम नाही, ही जिन्यावरून पडत नाही. माझ्या दोन लेकींतली एक तरी अशी आहे, की जिची मला भीती वाटत नाही. कशाला उठवू हो तिला?"

अडचणीत आल्या की गार्गीबाईंचा आवाज चढायचा.

"अगं वेडे, ती मरत नाही, कारण ती जगतच नाहीये! हे सुरक्षित नव्हे, हे काहीच नव्हे!"

"असू दे," इंदुमती म्हणाली. "काहीच नाही, तर काहीच नाही. आहे ना पण?"

सान्वीबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि सुनेचा हात धरला. "मला सांगायचं तरी होतंस गं," त्या म्हणाल्या. "रात्री मी बसले असते मुक्ताजवळ. एक दिवस तू, एक दिवस मी. मी काय परकी?" त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या.

गार्गीबाईंनी पडदा वळवला आणि ते पांढरे ठिपके दाखवले. पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी न ओरडता. वार आता फार दिवस साथ देणार नाही. दिवाळीपर्यंत तर नाहीच. मग बाळ झोपेतल्या झोपेत जाईल.

"म्हणजे आता झोपही धोक्याची?" इंदुमतीने विचारलं.

"हो."

"जागरापेक्षा जास्त?"

"पुष्कळच जास्त."

"मग उठवा," ती म्हणाली.

सान्वीबाईंनी सुनेला जवळ घेतलं. गार्गीबाईंनीही सुटकेचा श्वास टाकला, पण एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचत राहिली. बाळ कधी दिसेल, कुणावर गेलं असेल, यातलं इंदुमतीने काही विचारलं नाही. कशात धोका कमी, एवढंच विचारलं.

जागर सुखरूप झाला. पहिल्या आठवड्यात हृदयाचे ठोके एकेक करून वाढले. सान्वीबाई रोज फोन करून आकडा विचारायच्या आणि तासगावात सगळ्यांना सांगत सुटायच्या. पुढच्या महिन्यात बाळाने पहिली लाथ मारली, तेव्हा इंदुमती किंचाळली. ती आनंदाने किंचाळली की घाबरून, हे नर्सला सांगता येईना. वारेने कशीबशी साथ दिली. जूनच्या शेवटी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, मुक्ताची जुळी बहीण जन्माला आली. वजन चांगलं, रंग चांगला, आवाज तर असा की शेजारच्या वॉर्डातल्या बायका डोकावून गेल्या. सान्वीबाईंनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. पृथ्वीराज पाळण्याची उंची कमी आहे की जास्त यावर वॉर्डबॉयशी वाद घालत होता.

संध्याकाळी गार्गीबाई फेरीला आल्या तेव्हा खोलीत मायलेकीच होत्या. बाळ पाळण्यात झोपलं होतं. मुक्ता पाळण्याच्या कडेला हनुवटी टेकवून उभी होती. पावसाने तिचा दम पुन्हा उठला होता, श्वासाबरोबर छातीतून शिट्टी वाजत होती.

"ही माझ्यासारखीच आहे," मुक्ता म्हणाली. "मग एवढीशी का?"

"ती झोपली होती ना," गार्गीबाई म्हणाल्या.

"मग मला का उठवलं?" मुक्ताने विचारलं, आणि तिला खोकल्याची उबळ आली. इंदुमतीने पलंगावरून हात लांबवून पंप तिच्या तोंडाशी धरला. ते करताना टाका ओढला गेला तरी तिने हूं केलं नाही. उबळ थांबली. मुक्ता पलंगावर चढून आईच्या कुशीत पडून राहिली.

"डॉक्टर," इंदुमती म्हणाली, "परत झोपवता येतं का?"

गार्गीबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, आताच तर जन्मली! जरा कुठे रडली की लगेच..."

"तिला नाही," इंदुमती म्हणाली. ती मुक्ताच्या केसांतून हात फिरवत होती. "ती दणकट आहे. हिला."

गार्गीबाईंनी गेल्याच महिन्यात एक शोधनिबंध वाचला होता. परदेशात भाजलेल्या एका सहा वर्षांच्या मुलाला निद्रक देऊन जखमा भरेपर्यंत निजवलं होतं. मूल सुखरूप होतं. निद्रक त्यांच्या खोलीतल्या कपाटात होतं, चावी त्यांच्या कोटाच्या खिशात.

"येत नाही," त्या म्हणाल्या. जरा जास्तच घाईने म्हणाल्या.

इंदुमतीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. पाच वर्षं दोन ठिकाणी दोन थापा मारत आलेली बाई होती ती. तिने डॉक्टरांचा चेहरा नीट बघून घेतला आणि मग मुक्ताच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"थोडेच दिवस, डॉक्टर," ती म्हणाली. "एवढा पावसाळा जाऊ दे."